आत राहिलेले कागद

ती गोधडी अजून वाजते. परवा सुरतेत डिंडोलीच्या घरी वहिनीने ती लोखंडी पेटीतून ओढून काढली, तेव्हा खोलीभर कुरकुर झाली. वहिनी दचकली. "ताई, ह्यात काय भरलंय? प्लास्टिक?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. ह्या गोधडीबद्दल बोलायचं नाही, हे आमच्या घरात इतकी वर्षं पाळलं गेलं आहे की माझीही जीभ सवयीने आत गेली. अळीमिळी गुपचिळी.

भावाने इच्छापोरला, त्याच्या कामाच्या जवळ, फ्लॅट घेतला आहे. आई आता तिकडे राहणार. डिंडोलीच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या म्हणून मी बारडोलीहून सकाळच्या बसने आले होते. भांडी बांधून झाली, देव बांधून झाले, आणि शेवटी ही पेटी उघडली. वहिनीने गोधडी हुंगली, नाक मुरडलं, आणि म्हणाली, "किती जुना वास मारतोय. मशीनमध्ये टाकून देते, जाण्याआधी धुऊन होईल."

"पानी लावू नको तिले!"

आई खाटेवरून ओरडली. आईचा आवाज हल्ली इतका बारीक झाला आहे की चहा हवा असला तरी ती हाताने खूण करते. पण हे शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल. वहिनी गोधडी तशीच हातात धरून उभी राहिली. माझी भाची, वहिनीची मुलगी, मोबाइल ठेवून पुढे आली आणि गोधडीवर हात फिरवू लागली. सहाकोनी तुकडा, त्याभोवती सहा तुकडे, असं एकेक फूल, आणि फुलाला फूल जोडलेलं. "आत्या, आ तो पेपर पीसिंग छे!" ती म्हणाली. तिने मोबाइलवर दाखवलं. कुठल्या तरी देशातल्या गोऱ्या बायका, उजेडाचं टेबल, आणि पाकिटातून निघणारे कोरे कागदी षटकोन, एकसारखे, यंत्राने कापलेले. "बघ ना, कागद तयार मिळतात. तुला कुणी शिकवलं?"

कोरे कागद. मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नाशीला टेकले तरी ही आग विझलेली नाही. ती विझावी अशी माझी इच्छाही नाही. मला फक्त एक वाक्य ऐकायचं आहे, आईच्या तोंडून, एकदाच. त्या वाक्यासाठी मी किती दिवाळ्या ह्या घरात येऊन गेले, ते माझं मला माहीत.

शिकवलं मंजूमावशीने. ती आमच्या गल्लीत शेवटच्या खोलीत राहायची. नवापूरकडची होती आणि लहानपणी तिकडच्या एका मिशनच्या शिवणवर्गात शिकलेली. आमच्या गल्लीतल्या बाकी सगळ्या बायका गोधड्या शिवायच्या त्या खानदेशातल्यासारख्या: जुनं सुती लुगडं पसरायचं, त्यावर दुसरं, आणि कडेकडेने धावदोरा घालत मधोमध यायचं. पण सुरतेत सुती लुगडी मिळणार कुठून? इथे मिळायची चिंधी. बाजारात साड्यांचं कटिंग झालं की खाली पडायचे ते तुकडे, पोटलंच्या पोटलं. जॉर्जेट, शिफॉन, नायलॉन, आणि अंगावर वीज खेळणारं ते चकचकीत कापड, ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ते हातात धरावं तर माशासारखं निसटायचं. घडी घातली तर घडी राहायची नाही. बायका शिव्या घालत ते चुलीत टाकायच्या आणि गल्लीभर जळक्या नायलॉनचा वास सुटायचा. तो वास अजून कुठे आला तर मला दुपार आठवते, कुठलीही, लहानपणची.

मंजूमावशीने त्या निसरड्या कापडावर उपाय काढला होता. तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा एक षटकोन तिने कापून घेतला होता, वाटीच्या तोंडाएवढा. तो साचा कागदावर ठेवायचा, पेन्सिलने आखायचं, कापायचं. मग कापड त्याहून बोटभर मोठं घ्यायचं, आत कागद ठेवायचा, कडा कागदावर दुमडायच्या आणि कच्च्या दोऱ्याने लांब लांब टाके घालून बांधून टाकायचं. कागदाच्या आधाराने जॉर्जेट ताठ बसायचं, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं. इस्त्री कुणाकडे नव्हती. तांब्यात कढत पाणी भरून तो तांब्या कापडावरून फिरवायचा. पाणी फार कढत असलं की नायलॉन आक्रसायचं आणि मावशी "गेलं, गेलं!" म्हणून ओरडायची.

आणि मग जोडणी. दोन तुकडे तोंडाला तोंड लावून धरायचे आणि कडेकडेने बारीक टाके घालायचे, कापडाचे दोन-तीन धागेच उचलून. कागदाला सुई लागता कामा नये. लागली की टच्च असा आवाज यायचा आणि मावशी मान वर न करताच म्हणायची, "कागदाला शिवलंस. उसव." तिचे कान घारीच्या डोळ्यांसारखे होते. "कागद पाहुणा असतो, पोरी," ती म्हणायची. "सहाही बाजूंना कुणी ना कुणी मिळालं की तो निघतो. त्याआधी काढला तर तुकडा लोळागोळा होतो, आणि नंतर काढला नाहीस तर कुणाला तरी टोचत राहतो."

हे सगळं मी शिकले ते सातवीच्या निकालानंतरच्या उन्हाळ्यात. शिकले म्हणजे मला बसवलं.

त्याआधीच्या माझ्या वह्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या मराठी शाळेत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. बढाई नाही मारत, बाईच सांगायच्या. दुसऱ्या वर्गांत माझी भूगोलाची वही फिरायची. मी शाईच्या पेनने लिहायची. बॉलपेनने अक्षराला पोट येत नाही असं माझं मत होतं आणि ते अजूनही आहे. वहीला खाकी कव्हर, त्यावर नाव, आणि आत समासाची रेघ लाल. प्रत्येक धड्याखाली बाईंनी लिहिलेलं असायचं, "सुंदर अक्षर". नवी वही उघडली की मी आधी तिचा वास घ्यायची. बाबांच्या शर्टाला लूमच्या मशीनचं तेल लागलेलं असायचं, आईच्या हातांना साड्यांवर टिक्या चिकटवायच्या डिंकाचा वास असायचा. घरात नवीन कागदाचा वास फक्त माझ्या कोपऱ्यात होता.

निकालाच्या दिवशी मी पहिली आले. दुपारी उन्हातून धावत आले, चपलेचा अंगठा तुटला म्हणून एक चप्पल हातात होती. दारात आई आणि मंजूमावशी बसल्या होत्या. मधे बिस्किटांचा जुना डबा, आणि डब्यात षटकोन, काठोकाठ भरलेले. वरच्या षटकोनावर लाल शाई होती. "दर अक्ष". एवढंच. बाकीचं कात्रीपलीकडे गेलं होतं.

मला कुणीही सांगितलं नाही की आता शाळा नाही. बाबांनी नाही, आईने नाही. आठवीला दुसऱ्या शाळेत जायचं होतं, त्याबद्दल घरात काय बोलणं झालं, कुणी काय ठरवलं, मला आजवर माहीत नाही. मला ते त्या डब्याने सांगितलं. मी उभी राहिले, एक पाय भाजत होता, आणि विचारलं, "मन्या वह्या?"

आईने मान वर केली नाही. "उंदीरसनी कुरतडी टाक्यात," ती म्हणाली. "म्हनून कामले लायात."

उंदरांनी! षटकोन कुरतडणारे उंदीर मी पुढे सबंध आयुष्यात पाहिले नाहीत. पण आमच्या घरात तेव्हापासून आजपर्यंत तेच खरं मानलं गेलं. मंजूमावशीला विचारलं तर ती म्हणाली, "आईने दिले, मी कापायला शिकवलं, कुणी कापले ते तुझ्या आईला विचार." आईला विचारलं तर उंदीर. लग्न ठरलं तेव्हा विचारलं, उंदीर. माझी पहिली मुलगी आठवीत गेली त्या जूनमध्ये मुद्दाम येऊन विचारलं, तर आई भाकरी थापत म्हणाली, "तवय उंदीर भलता व्हतात." बाबा तर शेवटपर्यंत मूग गिळून बसले. सहा बाजू, एकशेवीस अंशाला कापलेल्या, धार अशी की माझ्या बोटाला लागली असती, आणि उंदीर.

जून आला. गल्लीतून निळे-पांढरे गणवेश जायला लागले. नव्या दप्तरांचा तो चामड्यासारखा वास दारापर्यंत यायचा. मी दारात बसून फुलं शिवायची. आई म्हणायची, "बठ आठे, उजेड शे," म्हणून मी उजेडात, म्हणजे सगळ्यांच्या नजरेसमोर. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज थांबून विचारायची, "तू का नाही येत?" मी म्हणायची, "आमच्याकडे उंदीर झालेत." ती हसायची. मीही हसायची आणि सुई पुढच्या टाक्यात जोरात खुपसायची, इतक्या जोरात की कागदापार जायची. टच्च. "कागदाला शिवलंस," मावशी आतून ओरडायची. मी उसवायची नाही.

वड्याचं तेल वांग्यावर काढतात म्हणे. मी सगळं कापडावर काढलं. हातात आलेला प्रत्येक कागद मी आधी वाचायची. इतिहासाचं उत्तर अर्धं, व्यवहारी अपूर्णांक अर्धा, निबंधाची तीन वाक्यं. वाचायची, आणि मग त्यावर जांभळं जॉर्जेट दुमडून बांधून टाकायची. एका उन्हाळ्यात मी पुन्हा सातवी शिकले, तुकड्यातुकड्यांनी. श्रावणात कानबाई, आमची खानदेशी देवी, घरी बसली, तिच्या प्रसादाच्या रोटांचा वास सुटला, भाऊबंद जमले, बायका गाणी म्हणत होत्या, आणि मी कोपऱ्यात शेवटची रांग जोडत होते. मी रोट खाल्ला नाही. आईने ताट पुढे केलं, मी ताट मागे सारलं. कानबाईचा रोट नाकारायचा नसतो. आईच्या चेहऱ्यावर भीती आली ती मी पाहिली, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

गोधडी भावासाठी होती. तो गुजराती शाळेत जायचा, त्याला नवीन दप्तर आलं होतं. आता सगळ्या फुलांना सहाही बाजूंनी शेजारी मिळाले होते. आता कच्चा दोरा ओढायचा, कागद टिचकीने उचलायचे, पुन्हा डब्यात टाकायचे, पुढच्या गोधडीला वापरायचे. मावशीचा नियम तसा होता. मी एकही कागद काढला नाही. रातोरात नाही, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मी खाली आईचं जुनं लुगडं लावलं, चारी कडा शिवून टाकल्या आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध एकेक गाठ मारली. मावशीने घडी उचलली तेव्हा कुरकुर झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. "कागद आत राहिले गं."

"राहू दे," मी म्हटलं.

मावशीने आईकडे पाहिलं. आई डिंकाच्या वाटीत काडी फिरवत राहिली.

भावाने आठ दिवस ती पांघरली. मग म्हणाला, कूस बदलली की कुणीतरी वही फाडतंय असं वाटतं. त्याला दुसरी गोधडी मिळाली. ही पेटीत गेली. दर उन्हाळ्यात आई ती दोरीवर घालून ऊन द्यायची, झटकायची, आणि परत पेटीत. मला वाटायचं, आवाज नको म्हणून लपवते. एका वर्षी खाडीचं पाणी घरात शिरलं. माझं तेव्हा लग्न झालेलं होतं. भाऊ नंतर फोनवर हसत सांगत होता, "धान्याच्या कोठ्या भिजल्या, माझी कागदपत्रं भिजली, आणि आई ती कुरकुरणारी गोधडी डोक्यावर घेऊन माळ्यावर चढली!" मी पण हसले होते. आई म्हातारी होत चालली, एवढाच अर्थ मी काढला.

बारडोलीला मी साड्यांना फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. आमच्या गल्लीत कुणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येतात, कारण माझं अक्षर. गेल्या महिन्यात बँकेतल्या मुलीने माझा भरलेला फॉर्म पाहून विचारलं, "केवढं सुंदर अक्षर! किती शिकलात?" "सातवी," मी म्हटलं. तिने फॉर्म पटकन शिक्का मारून बाजूला ठेवला. मी घरी येईपर्यंत दात आवळून होते.

तर परवा. "पानी लावू नको तिले!" आई ओरडली, आणि वहिनी म्हणाली, "अहो पण आई, वास मारतोय. धुवायला काय हरकत?"

"पानी लागनं तं अक्षर जाई," आई म्हणाली. माझ्याकडे बोट केलं. "तीनं अक्षर शे त्यामा."

मी गोधडीकडे पाहिलं. छत्तीस-सदतीस वर्षं. जॉर्जेटचे रंग फिके पडले होते, पाठीच्या लुगड्यावर घडीच्या रेघा पिवळ्या झाल्या होत्या. खरंच, कुठेही पाण्याचा डाग नव्हता. एकदाही धुतली नव्हती. आईला वाचता येत नाही. तिने आत काय आहे ते कधी वाचलं नाही, वाचून घेतलं नाही, आणि तरी तिने त्याला पाणी लागू दिलं नाही.

भाचीचे डोळे भरले. "आत्या, केवढं स्वीट," ती म्हणाली.

स्वीट! मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, भाचीचा सुद्धा, आणि सगळ्यांत जास्त त्या काळजीचा. जपून ठेवलं म्हणजे परत दिलं असं होत नाही. मला पेटीतलं ऊन दाखवलेलं अक्षर नको होतं. मला आठवी हवी होती. तिने वही जपायची होती ती वही असताना, एकच दुपार, मी परत येईपर्यंत.

मी वहिनीच्या हातातून गोधडी घेतली, आईच्या खाटेवर बसले, आणि कडेची शिवण उसवली. दाताने. बोट आत घालून पहिल्या रांगेतल्या तुकड्याचा कच्चा दोरा तोडला. कागद बाहेर आला. कडेला सुईची भोकं, पिवळट, पण शाई तशीच निळी. भूगोल. तीन ओळी, दोन्ही टोकांना कापलेल्या.

आईने मान पुढे केली. "काय लिखेल शे?"

आईचं माहेर शिरपूरकडचं, तापीकाठचं. तिथूनच ती लग्न होऊन, बाबांच्या मागे सुरतेला आली. मी वाचलं. जोडून वाचलं, कारण मला ते पाठ होतं. "तापी नदी सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते. खानदेशातून वाहत ती सुरतेजवळ..."

मी थांबले. तिथे कात्री आली होती.

आईचा चेहरा उजळला होता. तिची नदी, तिचं गाव, तिची सुरत, माझ्या अक्षरात. "मंग?" तिने विचारलं. "मंग पुढे?"

"पुढे काय," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. "पुढलं कापी टाकेल शे."

मी कागद तिच्या मांडीवर ठेवला, ती कड तिच्याकडे करून. सरळ, स्वच्छ, साचा ठेवून कापलेली कड. तिने त्या कडेवरून अंगठा फिरवला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. आता ती उंदीर म्हणेल, मला वाटलं. म्हटली असती तर मी ती गोधडी उचलून स्वतः मशीनमध्ये टाकणार होते. देवाशप्पथ टाकणार होते.

"मीच कापं," आई म्हणाली. "तू रिझल्ट लेवाले गयेल व्हती, तवय."

वहिनीला काही कळलं नाही. भाची मोबाइल छातीशी धरून उभी होती. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, सामान चढवायचं होतं. मला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की माझ्यात काहीतरी निवेल. काही निवलं नाही. उलट ती दुपार पुन्हा पुढ्यात आली, भाजता पाय, हातातली चप्पल, आणि आता डब्याशेजारी कात्री कुणाच्या हातात होती तेही दिसायला लागलं. पण निदान आता तिथे उंदीर नव्हते. आई होती.

आईने मांडीवरचा कागद परत आत सरकवला, होता तिथे, नीट. मग उशीखाली चाचपडून सुई काढली. आयुष्यभर तिची एक सुई उशीखाली असते. तिला नेढं दिसत नाही. तिने सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला.

"ओवी दे," ती म्हणाली. "शिवी टाकस."

मी सुई घेतली आणि तिच्या उशीखाली परत ठेवली.

"नको," मी म्हटलं. "आते ऱ्हाऊ दे उघडं."